गोळी कावळ्याची, आजोबा

—नाही नाही आजोबा, शप्पथ, आम्ही नाही मारलं तुम्हाला. कावळ्यानं मारलं. आम्ही आपले ओल्योक्मा नदीच्या काठानं चाललो होतो, बघतो तर एवढं थोरलं अस्वल पडलेलं— म्हणजे तुम्ही. कुक! कुक! ऐकलंत त्याचं ओरडणं? अजून इथंच आहे लबाड. आता तुम्ही म्हणाल, प्रोकोप्या, मग तुझ्या बंदुकीतनं धूर का येतोय? हवा गार आहे ना, म्हणून. अहो, तुमची समजूत काढल्याशिवाय सुरी लावायची नाही, सासरेबुवांची ताकीद आहे. आमची तीन रेनडिअर खाल्लीत तुम्ही, तरी आम्ही काही बोललो का? कावळ्याला राग आला, त्याला काय करणार.

पण नेम काय हो कावळ्याचा, वा! तुम्ही अशी कूस दाखवून उभे, आणि गोळी बरोबर पुढच्या पायाच्या मागं, चार बोटं वर. काळीज, फुप्फुस, खेळ खलास. हा काय काळा डाग— इथंच धरला होता मी नेम— कावळ्यानं. कावळ्यानं धरला होता.

दुसरी गोळी? ती दुसऱ्या कावळ्याची. हा मागं उभा आहे ना, माझा मेहुणा कपितोन, हाच तो कावळा. त्यानं डोक्यात घातली. सांगून सांगून थकलो— गाढवा, अस्वलाच्या डोक्यावर मारू नये, कवटी तिरपी असते, गोळी घसरते, अस्वल नुसतं भोवळ येऊन पडतं. आणि आता म्हणतो, माझ्याच गोळीनं पडलं! हसू नकोस रे, आजोबांशी बोलतोय मी.

सोळा वर्षं झाली लग्नाला, आजोबा. शिकारीला निघालं की सासरेबुवा ह्याला गोळ्या मोजून देतात आणि मला किटली. किटली! आज बंदूक आणली तीही ह्याचीच जुनी, मागून आणलेली. उद्या सगळ्यांसमोर विचारतील ते, कुणाची लागली, कुठं लागली. तेव्हा हा डाग दाखवायचा, बस. मग किटली ह्याच्या हातात. थांबा, जरा पुसून घेतो, नीट दिसायला हवा—

चिखल आहे होय हा.

असू दे, असू दे. भोक खाली असेल. केस किती दाट तुमचे. माझी वाया जाईल कशी, एवढ्या जवळनं— बरं, सासरेबुवा म्हणतात, जवळ जाण्याआधी कान बघावेत, मागं चिकटलेले असले तर समजायचं जिवंत आहे. गडबडीत राहिलंच ते. बघू तर— कपितोन, झाडावर काय चढतोयस? ए कपितोन?

आजोबा... दोन्ही गोळ्या ह्याच्या. दोन्ही, शप्पथ. तो बघा, वर बसलाय. मी चहावाला, आजोबा, मी आपला नुसता किटली घेऊन—