पडायच्या आधीचं हसू

लॉस एंजेलिसच्या त्या जुन्या थिएटरात दर रविवारी दुपारी काळेपांढरे मुके विनोदी सिनेमे लागत. दारावर तिकिटं फाडणाऱ्या ओडेलच्या कानावर रांगेतल्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडत होतं.

“डेल्बर्ट, आज मी लांब बसणार.”

“का गं बाई?”

“तू आधीच हसतोस. पडद्यावरचा तो नट शिडीवर चढायच्या आत तुझं खिदळणं सुरू! लोक वळून तुझ्याकडे बघतात आणि तिकडे तो बिचारा पडून मोकळा होतो.”

“चाळीस वर्षं बघतोय, वर्ना. त्याचं पडणं पाठ आहे मला. पडणं ही कला असते.”

“हो ना! मार्चमध्ये मी जिन्यावरून गडगडले, तेव्हा काय म्हणालास?”

“काय म्हणालो?”

“‘हात आधीच टेकवलास, सगळी मजा गेली.’ मनगट मोडलं होतं माझं!”

“पण टेकवला होतासच की.”

ओडेलने ओठ चावत दोघांची तिकिटं फाडली. डेल्बर्टने हात पुढे केला.

“आत पायऱ्या आहेत. धर.”

“नको. पडलेच, तर या खेपेला नीट पडेन. तू फक्त आधी हसू नकोस.”