जोडी दिवस

नाय नाय, बसा तुम्ही, उठू नका, तो खोका मी काढते — कपाटाची कड पत्र्याची हाय, साडीला लागंल तुमच्या, आणि साडी नवी दिसते, हातातला चुडा पण अजून तसाच, म्हणजे लग्नाला महिना तरी झाला का — दीड? बरं, दीड. मग डबा कोण करून देतं, सासूबाई की तुम्हीच? — तुम्हीच, वाटलंच मला, भाजी जरा घाबरत घाबरत केलेली दिसते. चेष्टा केली हो, स्नेहल मॅडम. गोजरा मावशीचं बोलणं मनावर घ्यायचं नाय, पंधरा वर्षं शिपाई हाय मी या शाळेत, हेडबाई तीन बदलल्या, मी हायेच. तर काय चाललं होतं आपलं — हां, तुमचा वेशभूषेचा आठवडा. वाचा परत यादी, मला चष्म्याबिगर दिसत नाय. सोमवारी दोन पायांत दोन रंगांचे मोजे — मॅडम, निम्मी पोरं रोजच तशी येतात, त्यांना वाटंल आपला सत्कार चाललाय. पण चांगलं हाय, कुणाच्या आईबापाला काय विकत आणावं लागत नाय, ते बरं केलंत. मंगळवारी केसांची गंमत — करा, पण ज्याचा गोटा केलेला असंल त्याला टोपी चालंल असं लिहा, नायतर बसंल बिचारं कोपऱ्यात — लिहिलंय आधीच? वा. बुधवारी मोठेपणी कोण होणार — ह्यात लय मजा येते, मागं अकरा पोलीस आणि सात डॉक्टर आले, चोर आणि पेशंट व्हायला कुणी तयार नाय, आणि एक ओम म्हणून होता, लासलगावला त्याच्या मामाचा कांद्याचा व्यापार, ते पोरगं कानाला पेन अडकवून आलं आणि वर्गात लिलाव लावला, बाईंचं डस्टर विकून मोकळं झालं. गुरुवारी आजी-आजोबांसारखं. आणि शुक्रवारी —

शुक्रवारी जोडी दिवस.

हे कुणी सुचवलं? तुमचंच डोकं? — मागच्या फायलीत सापडलं. ती फाईल इथंच राहिली होय. नाय, काय नाय, सहज म्हणलं. थांबा, दार लोटून घेते, पोरांचा गलका लय हाय. मॅडम, तेवढा एक दिवस काढून टाका ना. का म्हणजे — दमतात पोरं शेवटच्या दिवशी. त्याऐवजी भाज्या करा, कोबी, वांगी, गंगापूरकडच्या मळेवाल्यांची पोरं हायेत तुमच्या वर्गात, टोपलीच घेऊन येतील. दोघादोघांनी सारखे कपडे घालायचे, हात धरून यायचं, दिसायला छान दिसतं, मी कुठं नाय म्हणते. पण वर्गात सदतीस पोरं असली की अठरा जोड्या होतात आणि एक उरतं. आणि उरतं ते ठरलेलंच असतं. तुमच्या तिसरी ब मध्ये कोण उरंल, यादी न बघता सांगते — आरोही. बरोबर ना? भिंतीकडंला बसते, पहिल्या हाकेला कधी बघायची नाय. तुम्ही म्हणाल, मावशी, केलाय मी तिचा विचार, लिहिलंय की — ज्याला जोडी नाही त्याने घरचं माणूस जोडीला आणावं, बारा वाजता यावं. हेच लिहिलंय ना? मागच्या साली पण हेच वाक्य होतं. कुणी मागं राहायला नको म्हणून.

एरवी गेटवर आपला नियम काय — कार्ड. फोटोचं कार्ड नसलं तर पोरगं सख्ख्या आजोबाच्या हातात पण द्यायचं नाय, किती म्हातारे मी उन्हात ताटकळत ठेवलेत. पण त्या दिवशी एवढी माणसं येणार, कार्डं कोण बघत बसंल, तेव्हाच्या हेडबाई म्हणल्या, कपडा बघा, कपडा जुळला की माणूस आपलं. तर आरोहीची आई, रूपालीताई, इथंच इंदिरानगरला राहतात, त्यांनी आहेरातली साडी फाडून पोरीला फ्रॉक शिवला. आहेराच्या साड्या तुम्हाला काय सांगायच्या, आत्ताच वाटल्या असतील — एका गठ्ठ्यातल्या वीस, सगळ्या सारख्या, नेसवत पण नाय आणि टाकवत पण नाय. ही पोपटी होती, गुलाबी काठाची. फ्रॉक मात्र गोड झाला. आणि त्याच गठ्ठ्यातली दुसरी, सासूच्या वाट्याची, ती नेसून रूपालीताई बाराला येणार होत्या, जोडीला. साडेअकरालाच गेटवर एक बाई उभी. पोपटी साडी, गुलाबी काठ. सावळीराम म्हणून वॉचमन होता तेव्हा, तो टाकीची मोटर लावायला मागं गेलेला, गेटवर मी. बाई म्हणली, आरोहीची जोडी. मी हाक मारली. पोरगी आली, साडीकडं बघितलं, आपल्या फ्रॉककडं बघितलं, आणि हात दिला. हसली नाय, रडली नाय, हात दिला फक्त. बाई म्हणली, मावशी, समोर फोटो काढून येतो दोघी. आणि मी कडी काढली.

बारा वाजता रूपालीताई आल्या. तीच साडी.

मग काय — पोरांना वर कोंडलं, गाणी लावून दिली मोठ्यानं, खालचं ऐकू जायला नको म्हणून, अठरा जोड्या वर नाचतायत आणि खाली ऑफिसात रूपालीताई पदर तोंडात कोंबून बसलेल्या. कुणीतरी म्हणलं, पोलिसांना फोन करा, तर त्यांचा नवरा म्हणला, थांबा. मी पाण्याचा ग्लास घेऊन तिथंच उभी. दोनदा म्हणला, थांबा. ज्याची पोरगी गेली तो थांबा म्हणतो का, मॅडम? त्याला कळलं होतं कुणी नेली ते. संध्याकाळी पोरगी आपल्या घराच्या दारात उभी, एकटीच. डोक्याला तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी, पोट भरलेलं. आणि नखं कापलेली, हाताची, पायाची, सगळी. रूपालीताईंनीच सांगितलं मला दुसऱ्या दिवशी — मावशी, नखं कापली हो तिनं. पळवून नेलेल्या पोराची नखं कोण कापतं? घरातलं प्रकरण, घरातच मिटलं. शाळेनं पण हात झटकले, पोरगी सापडली ना, मग कशाला बोभाटा, फक्त एक कागद लागतो ना ठेवायला, तो माझ्याकडून लिहून घेतला. मी लिहिलं — सावळीराम जागेवर नव्हता, गर्दी होती, कपडा जुळला म्हणून मी सोडलं. सावळीरामला काढलं. आता एका हॉस्पिटलच्या पार्किंगला शिट्ट्या मारतो, मी दिसले की तोंड फिरवतो. नव्या हेडबाईंना ह्यातलं कुणी काय सांगितलं नाय. गर्दी? साडेअकराला कुठली गर्दी, मॅडम. गेटवर चिटपाखरू नव्हतं.

असं बघू नका. ओळखत होते मी तिला. हो. पूजा नाव तिचं, देवळाली कॅम्पात राहते, नवरा मिलिटरीत. रूपालीताईंची धाकटी जाऊ. थोरलीला मूल नाय, धाकटीला दोन झालेली आणि तिसरं पोटात, तर सासूनं समोर बसवून सांगितलं, आता जे होईल ते थोरलीच्या ओटीत घाल. घातलं. बारशालाच. एक नारळ, एक साडी आणि बारा दिवसांची आरोही. पोरीला ह्यातलं काय माहिती नाय. आणि ही बया दुपारच्या सुट्टीत दोन बस बदलून यायची आणि त्या समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहायची, हातात उगाच आपले दोन कागद. एक दिवस मीच विचारलं, बाई, रोज एवढं कसलं झेरॉक्स काढता. तेव्हा बोलली. मग रोजच बोलायला लागली. फ्रॉक कुठल्या साडीचा शिवला ते मीच सांगितलं तिला. त्याच आहेरातली तिच्याकडं पण होती, एका घरातल्या जावा, एका गठ्ठ्यातल्या साड्या. म्हणली, एक दिवस द्या मावशी, एकच दिवस, संध्याकाळी दारात आणून सोडते. आणि सोडली की तिनं, शब्द पाळला.

तुमच्या थोरल्या जाऊबाईंना मूलबाळ हाय का, मॅडम? — नाय? किती वर्षं झाली लग्नाला? — सात. बरं. नाय, सहज विचारलं. चांगल्याच असतील त्या. माझी पण चांगली होती. निफाडच्या बाजूला गाव आमचं, मला पण असंच बसवून सांगितलं होतं, भाकरी तव्यावर होती, मी म्हणलं एवढी उलटते मग बोलू, तर उलटून मागं बघते तोवर सासू उठून जावेला सांगायला गेली पण. चौथी पोरगी माझी. एकविसावं लागलंय आता. नाव — नाव त्यांनी ठेवलं. लग्नाला गेले होते तिच्या, पाया पडली माझ्या, म्हणली, काकू, जेवल्याशिवाय जाऊ नका. जेवले. काय करणार. जिलेबी होती, गरम होती. तेव्हा कपडा जुळला हे मी लिहून दिलं ते खोटं नाय, पण कपड्यासाठी मी कडी काढली नाय. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुम्ही गप्प बसून ऐकता ना, त्यानं होतं असं.

आता ऐका नीट. तिच्या नवऱ्याची बदली झाली, लांब, पार जम्मूकडं. सामान पुढं गेलं. घरच्यांना सांगितलंय बुधवारची गाडी, निरोप पण घेऊन झालाय, रूपालीताई पण निर्धास्त, खरं तिकीट शुक्रवार दुपारचं हाय. परवा ती झेरॉक्सपाशी थांबली नाय, सरळ गेटला आली, जाळीत बोटं घालून म्हणली, मावशी, यंदा जोडी दिवस कधी. तुमची यादी ऑफिसात कानावर आली होती, आणि मॅडम, माझ्या तोंडातून निघून गेलं. शुक्रवार. ती म्हणली, ह्या टायमाला संध्याकाळी परत आणायची नाय मी. हसून म्हणली. आणि त्या रूपालीताई — तुम्ही नव्या, तुम्हाला माहिती नाय, पोरीला जरा ताप असला तर दिवसभर त्या पायऱ्यांवर बसून राहतात ऑफिस बुडवून, आठ वर्षं दुसरं काय बघितलं नाय त्या बाईनं — त्या बाराला येणार, आणि मी त्यांना काय सांगू? पोरगी काल डबा घेऊन आली माझ्यापाशी, म्हणते, मावशी, ती नखंवाली येणार का. येऊ दे म्हणत होती का नको येऊ दे म्हणत होती, कळलं नाय. मी लय वेळ बघितलं तिच्या तोंडाकडं. सावळीराम गेल्यापासून गेट माझ्याकडंच हाय, मॅडम, आणि मी मला ओळखते. ती त्या साडीत समोर उभी राहिली ना, मी कडी काढीन. नको नको म्हणत काढीन. म्हणून म्हणते, दिवसच नको. जोडी दिवसाला यंदा पण कपडाच बघायचा, दिवस नसला की कार्ड लागंल, कार्ड तिच्याकडं नाय, मग मला म्हणता येतं, बाई, नियम हाय, माझ्या हातात काय नाय. एवढं एक वाक्य पाहिजे मला, बाळा, दुसरं काय नको. खोडा तो शुक्रवार. पेन देऊ?

काय? — ग्रुपवर गेलं? कधी? — सकाळीच. आणि त्यांचं काय आलं, रूपालीताईंचं? — अंगठा. आणखी काय लिहिलंय, वाचा. — मागच्या वर्षी आमचा फोटो राहिला, यंदा नक्की. हो का. फोटो पण टाकलाय? बघू. लांब धरा जरा. तोच फ्रॉक, खालून पट्टी लावून वाढवलाय.

बरं.

नाय, हेडबाईंकडं नका जाऊ. जाऊन काय सांगणार — मावशी असं म्हणाल्या? मावशी काय म्हणाल्याच नाय. मावशी डबा खात होत्या. तुम्ही कालच्या आणि मी पंधरा वर्षांची, आणि लिहून द्यायची वेळ आली तर मला लिहिता येतं, एकदा दिलंय, चांगलं लिहिलं होतं. — रडताय कशाला, मी काय ओरडले का तुम्हाला? तुमच्या मनात चांगलंच होतं. कुणी मागं राहायला नको. नायच राहणार कुणी. फक्त शुक्रवारी साडेअकराच्या सुमाराला तुम्ही वरच थांबा, जोड्यांचे फोटो काढा, व्हरांड्यात येऊ नका. न बघितलेलं लिहून देता येत नाय, तेवढं तुमच्याच भल्यासाठी सांगते. पदर नीट घ्या, डोळे पुसा. घंटा झाली. जा.