खालचं दार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या गावच्या सरपंच चंद्राबाई. ज्यांच्या सहीशिवाय आमच्या तलावातला थेंब हलत नाही ते प्रमुख पाहुणे, अभियंता वीरधवल जगदाळे साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या तलाव अभ्यास केंद्राच्या डॉ. संयोगिता मॅडम, संस्थेचे सभासद, आयाबहिणी, आणि जेवण आहे असं कळल्यावर रहिमतपुराहून वेळेआधी पोचलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी आप्पासो, पाणीवापर संस्थेचा चेअरमन. पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘गौरवपर भाषण’ असं छापलंय. छापणाऱ्यानं मला विचारलं नव्हतं. मॅडमविषयी माझ्या मनात राग आहे, कालही होता आणि या क्षणीही आहे. गौरव मघाशी साहेबांनी मनसोक्त केलाच. ‘विज्ञान आणि धोरण यांचा संगम’ म्हणाले. टाळ्याही पडल्या. तेव्हा ते काम उरकलं असं धरू.

आता रागाचं कारण ऐका. आमच्या तलावाला पाणी सोडायची दोन दारं, एक वर, एक तळाशी. तळाच्या दाराला जोर असतो. तिथनं सोडलेलं पाणी ओढ्यानं शेवटच्या वाडीपर्यंत धावत जातं. वरच्या दारानं तेच पाणी रमतगमत जातं, आणि शेवटचा शेतकरी मला फोन करून माझ्या घराण्याची चौकशी करतो. अशात या बाई रबरी बोट घेऊन आल्या. दोरीला यंत्र बांधून पाण्यात सोडायच्या आणि म्हणायच्या, “आप्पासो, उन्हाळ्यात वरचं तापलेलं पाणी वरच राहतं, गार पाणी खाली अडकून पडतं. त्याला वारा लागत नाही, गाळातलं सगळं त्यात कुजतं. तळाचं दार उघडू नका.” मी म्हणालो, “आवं, पाण्याला काय माडीचं घर बांधलंय व्हय? पाणी ते पाणी!” त्यावर त्या हसल्या. मला ते हसणं अजून टोचतं.

मग आली जानाईची जत्रा. पालखीच्या स्नानाला ओढ्याला पाणी सोडायची आपली रीत. पालखी ओढ्यात उभी राहिली आणि मी तळाचं दार उघडायला लावलं. काय आलं, हे तुम्हाला सांगायला हवं का? तुम्ही सगळे तिथंच नाकाला पदर आणि टॉवेल लावून उभे होता. काळं पाणी, नासक्या अंड्याचा वास, मासे पोटं वर करून वाहतायत. कोणीतरी ओरडलं, “देवी कोपली! त्या बाईनं तळ्यात यंत्र बुडवलं, म्हणून कोपली!” आणि आपण सगळे, होय, चंद्राबाई, तुम्हीसुद्धा, मॅडमच्या अंगावर धावून गेलो.

मॅडम भांडल्या नाहीत. तशाच धरणाच्या भिंतीवर गेल्या, तळाचं दार बंद करायला लावलं, वरचं उघडायला लावलं. इकडं मी देवीपुढं नारळ फोडला. पाणी हळूहळू निवळलं, पालखी न्हाली, आणि तुम्ही मला खांद्यावर घेतलं. मॅडमनी तेव्हाही तोंड उघडलं नाही. असल्या माणसाचा राग येणार नाही तर काय येणार? भांडली असती तर मी निदान मोकळा झालो असतो.

तेव्हापासून आमचं ठरलं. त्या पाणी तपासणार, त्या सांगतील तेच दार आम्ही उघडणार, आणि मी त्यांना शिव्या देणार. तिन्ही कामं चोख चालली. ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी तीन वाड्या पितात, त्यांना पुन्हा तो वास आला नाही.

आता साहेब, तुमच्याकडं वळतो. घड्याळ बघू नका, चहा येतोय. कोणतं दार उघडायचं हे पाणी तपासून ठरवावं, एवढा एकच नियम मॅडमनी तुमच्याकडं मागितला होता. तुम्ही त्याला ‘दिशादर्शक’ म्हणालात, पण नियम काही केला नाहीत. आणि गेल्या आठवड्यात तुमचा आदेश आला. केंद्राचं काम पूर्ण झालं, केंद्र बंद, मॅडमची रवानगी नाशिकला, आणि उद्या सकाळी सगळं पाणी तळाच्या दारानं सोडायचं, कारण वरच्या दारानं सोडलं की तुमचं वेळापत्रक लांबतं. भर मे महिन्यात! ज्या बाईला शाल घालायची, तिचंच म्हणणं ओढ्यात सोडायचं, हा कसला सत्कार? मी तिला तोंडावर शिव्या दिल्या, पण तिचं ऐकलं. तुम्ही पंधरा मिनिटं गोड बोललात. आमच्या लेकराबाळांनी उद्या काय प्यायचं, साहेब? तुमचं भाषण?

न्हाई, बसा. तुमी बोलताना आमी उठलो न्हाई.

मॅडम, जरा पुढं या. संस्थेतर्फे ही शाल आणि श्रीफळ. ताट जड लागतंय ना? शालीखाली तळाच्या दाराचं हँडल आहे. त्याच्यावाचून ते दार उघडत नाही आणि दुसरं हँडल नाही, हे साहेबांना माहीत आहे. ते घेऊन आज रात्रीच्या गाडीनं नाशिकला जा. इथून पुढं ज्याला तळाचं दार उघडायचं असेल, त्यानं तुमच्या दारात यायचं, तुम्हाला विचारायचं. मलासुद्धा यावं लागेल, आणि मला ते अजिबात आवडणार नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी माझा माईक बंद केला नाही, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. हँडल मात्र कुणी परत मागू नका.