यंदाचा मुराळी

सोमनाथ : अगं पण गाडी रिकामी का पाठवलीस? आणि तो ड्रायव्हर नवी टोपी घालून, गळ्यात टॉवेल टाकून माझ्या साइटच्या गेटवर उभा आहे. सांजोऱ्यांचा डबा पुढे करून म्हणतो, ‘घ्या साहेब, बहिणीकडचं आहे.’ काय चाललंय काय, हर्षाली?

हर्षाली : घे की. मुराळ्याच्या हातचं आहे, नाही म्हणू नये.

सोमनाथ : कोण मुराळी?

हर्षाली : तोच. सुनील नाव त्याचं. आखाजीला बहिणीला माहेरी न्यायला जो येतो, त्याला मुराळी म्हणतात. विसरला असशील तर सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकलेलं तुझंच वाच.

सोमनाथ : टोमणे मारू नकोस गं. ऊन बघ किती आहे. मनमाडहून एसटीत उकडून निघाली असतीस, म्हणून एसी गाडी केली. उद्या अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त, फ्लॅटच्या बुकिंगला झुंबड असते. मालक डोक्यावर बसलेत. सकाळपासून सॅम्पल फ्लॅटला तोरणं लावतोय मी.

हर्षाली : लाव. लोकांच्या दाराला लाव.

सोमनाथ : चिडलीस?

हर्षाली : चिडले असते तर बरं होतं, दादा. मला लाज वाटली. तू लिहिलेलं मामांजींनी चष्मा लावून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘बाबा मला सटाण्याला आत्याला आणायला न्यायचे. आत्याच्या सासूबाई माझ्या एवढ्याशा पायांवर पाणी घालायच्या. मोठ्यांच्या पंगतीत मला पाट मिळायचा. आत्या मला बघून रडायची आणि रडता रडता हसायची. बाबा, तुम्ही आमचं बालपण असं सणासारखं केलंत, तुमचे उपकार कसे फेडू?’ वाचता वाचता मामांजींनी दोनदा चष्मा पुसला. सासूबाई म्हणाल्या, पोरगा बापावर गेलाय. आणि पुरण वाटायला बसल्या.

सोमनाथ : त्यातलं एक अक्षर खोटं नाही गं.

हर्षाली : खोटं कोण म्हणतंय? मीपण रडले. म्हणून तर दारात जाऊन उभी राहिले.

सोमनाथ : पण मी स्वतः येतोय असं कुठे लिहिलं होतं? ‘अकरापर्यंत गाडी येईल’ एवढंच कळवलं होतं.

हर्षाली : बाबा गेल्यानंतरची पहिली आखाजी आहे, दादा. ते लिहावं लागतं का?

सोमनाथ : नाही गं. मग काय झालं?

हर्षाली : गल्लीतल्या बाया ओट्यावर आलेल्या. बाबा यायचे तेव्हाही यायच्याच, बाबा त्यांच्या पोरांना गोळ्या वाटायचे ना. गाडी थांबली. मी उंबऱ्याबाहेर आले. काच खाली झाली आणि तो म्हणाला, ‘मॅडम, ओटीपी सांगा.’

सोमनाथ : अरे देवा.

हर्षाली : सगळ्यांसमोर. ओटीपी. तेवढ्यात सासूबाई आतून तांब्या घेऊन आल्या. ‘या बाबा, लय उशीर केला,’ असं म्हणत सरळ गाडीचं दार उघडलं आणि त्याला खाली उतरवलं. तो बिचारा घाबरून बूट काढायला लागला. त्याच्या पायांवर पाणी घातलं. शेजारच्या ज्योत्स्नाताईंनी विचारलंच, हा हर्षालीचा भाऊ का? सासूबाई म्हणाल्या, मग कोण? भाऊच.

सोमनाथ : आणि त्यांना पटलं?

हर्षाली : न पटायला काय झालं? तुझं तोंड कुणी पाहिलंय या गल्लीत? लग्न नाशिकला झालं, तेव्हा फेट्यात होतास. त्यानंतर न्यायला बाबा, पोचवायला बाबा. तू फक्त फोन करायचास, ‘पोचलात का?’

सोमनाथ : खरं आहे.

हर्षाली : त्याला पाटावर बसवलं. घरात आल्यावर तो हळूच म्हणाला, ‘मावशी, मी ड्रायव्हर आहे हो.’ सासूबाई म्हणाल्या, ‘असू दे की. ड्रायव्हर काय कोणाचा भाऊ नसतो?’ आणि गरम पोळी वाढली, वर तूप. बाबांना दरवर्षी द्यायचे तसे टोपी-टॉवेल यंदा तुझ्यासाठी आणले होते. ते त्याला गेले.

सोमनाथ : मग तू का नाही बसलीस गाडीत?

हर्षाली : सासूबाई म्हणाल्या जा. नाही उचलला पाय. पैठणी नेसून ओटीपी सांगत माहेरी जाऊ? बायांना सांगितलं, डोकं दुखतंय, भाऊ पुढे गेला.

सोमनाथ : ते ग्रुपवरचं मी काढून टाकतो.

हर्षाली : काढू नकोस. खरं आहे ते. खरं आहे म्हणूनच इतकं लागलं.

सोमनाथ : हर्षाली, एक सांगू? ते लिहिताना मी रडत होतो. एवढा मोठा माणूस, बाल्कनीत बसून रडत होतो. मग डोळे पुसले आणि त्याच फोनवर तुझी गाडी बुक केली. काहीसुद्धा वाटलं नाही गं मला. उलट वाटलं, चला, एक काम झालं. आता स्वतःचीच शिसारी येतेय.

हर्षाली : रडू नकोस. माणसं असतील तिथं.

सोमनाथ : असू देत. मी निघतो आत्ता.

हर्षाली : आणि मालक?

सोमनाथ : बोंबलतील थोडे. बोंबलू देत. पण हर्षाली, बाया अजून ओट्यावर असतील का गं?

हर्षाली : असणारच. आखाजीच्या दिवसांत ओटे रिकामे असतात होय? थांब, सासूबाई फोन मागताहेत.

(फोन कुसाबाईंच्या हातात जातो.)

कुसाबाई : हां, सोमनाथभाऊ. ऐकत व्हते मी.

सोमनाथ : मावशी, माफ करा. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी.

कुसाबाई : ऱ्हाऊ द्या आता ते. पोर सकाळधरून उपाशी हाय. बापाची वाट पाहत व्हती ती, दुसऱ्या कोणाची नाय. तुम्ही आला असता तर तिला बाप आल्यावाणी झालं असतं, एवढंच.

सोमनाथ : निघालोच मावशी. पण सगळ्या गल्लीला सांगितलंत ना, भाऊ येऊन गेला म्हणून. आता मी कोण म्हणून येऊ?

कुसाबाई : त्यात काय एवढं? या तुम्ही. दुसरा भाऊ आला, म्हणून सांगते मी.