एकशे त्रेचाळीस आडवे बाबा

...आणि वर मलाच विचारतात, "फोनमध्ये तर सरळ दिसतं, मग तुझ्याकडेच कसं आडवं पडतं?" आता काय बोलायचं या माणसांशी? म्हणजे मी काय मुद्दाम पाडतो? स्वतःच्या सख्ख्या बापाला कॉम्प्युटरवर घेतो आणि धरून आडवा पाडतो? हौस आहे मला?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल, याचंच काहीतरी चुकलं असेल. मी व्हिडिओ एडिट करतो. चौदा वर्षं झाली. लोकांनी शूट केलेलं आणायचं, कापायचं, जोडायचं, नको ते काढायचं, हवं ते राहू द्यायचं. हे काम आहे की नाही? तुम्ही म्हणाल, आहे. माझे बाबा म्हणतात, "बसून असतोस." बस्स! चौदा वर्षांच्या कामाचं दोन शब्दांत एडिटिंग! कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर म्हणतात, "त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे." त्याच्याकडे मांजर आहे, असं सांगावं ना, अगदी त्या सुरात!

आता बाबा कोण, ते ऐका. बाबा गवंडी. विटा वाहण्यापासून सुरुवात केली, चाळीस वर्षांनी साइटवरचे मुख्य मिस्त्री म्हणून निवृत्त झाले. खिशात पैसे नसतील एक वेळ, पण ओळंबा असणार! तो दोरीला बांधलेला वजनाचा लोखंडी लट्टू नसतो का, भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा? तो. अर्ध्या बोटानं झुकली भिंत तर पाड, पुन्हा बांध. आणि हे साइटवर ठीक आहे हो, हा माणूस दुसऱ्याच्या घरी गेला तरी आधी भिंतीवरचे फोटो सरळ करतो, मग बसतो. एकदा तापानं फणफणले होते, डॉक्टरांनी तोंडात थर्मामीटर दिला, तर तसेच उठले आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट सरळ करून आले. ताप एकशे दोन!

तर अशा माणसाची निवृत्ती. रविवारी सकाळी अकराला, आमच्या बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये, त्यांच्या हाताखालची साठ-सत्तर माणसं येणार. मी म्हटलं, मी फिल्म करतो. बाबांच्या शेवटच्या महिन्याची, वीस मिनिटांची, मोठ्या पडद्यावर. आता खरं सांगतो, लपवत नाही, कौतुकबिवतुक नको होतं मला. नुसतं एकदा, आयुष्यात एकदाच, त्यांनी बघावं की हा पोरगा बसून काय करतो. त्यांच्या माणसांसमोर बघावं. एवढंच. जास्त होतं का हो हे?

पण शूट कोण करणार? मी म्हटलं, मी येतो साइटवर. बाबा म्हणाले, "तू नको, पायात येशील." पायात! मी काय कोंबडी आहे? आणि त्याच आठवड्यात दाजी म्हणाले, मी येतो, तर? "या ना, या ना, खुर्ची मागवतो." दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. जावई पडले ना! जावई पायात येत नाहीत, जावई डोक्यावर येतात. त्यात दाजींना सगळ्या विषयांतलं सगळं कळतं. औषधातलं कळतं, इंजिनातलं कळतं, एकदा मांजराच्या बाळंतपणातलंसुद्धा कळलं होतं. महिनाभर साइटवर जाऊन आपल्या फोनवर शूटिंग केलं आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात असा ठेवला, जसा काही राज्याचा खजिना, आणि म्हणाले, "मेहुणे, नव्वद टक्के काम मी केलंय. तुम्ही नुसतं जोडा."

नुसतं जोडा! मी लावला पेन ड्राइव्ह. तुकडे किती? एकशे त्रेचाळीस. घेतले आत. आणि बघतो तर काय... सगळे आडवे! बाबा आडवे, भिंत आडवी, विटांची चळत आडवी, बाबा आडवेच्या आडवे शिडी चढतायत, म्हणजे खरं तर सरपटतायत, आणि मागे एक माणूस आडवा होऊन सिमेंट कालवतोय आणि सिमेंट सांडत नाहीये! मी लावला दाजींना फोन. म्हटलं, दाजी, सगळं आडवं आलंय हो. तर पलीकडून शांतपणे, "माझ्या फोनमध्ये तर सरळ दिसतं."

दिसणारच! अहो, त्याचं असं असतं, फोनमधला कॅमेरा एकाच अंगावर झोपलेला असतो. फोन उभा धरा, नाहीतर कसाही धरा, तो चित्र टिपतो ते आपल्या झोपेतच टिपतो आणि फाइलला एक चिठ्ठी जोडून देतो, 'दाखवताना एवढं वळवून दाखवा.' फोन ती चिठ्ठी वाचतो, गुमान वळवतो, तुम्हाला सरळ दिसतं. माझं सॉफ्टवेअर जुनं, ते चिठ्ठी वाचत नाही. बरं, नाही वाचत तर नाही वाचत, मी चिठ्ठी बघून हातानं वळवीन! पण दाजी बटण कसं दाबतात माहितीये? फोनचं तोंड जमिनीकडे करून! आधी बटण दाबायचं, लाल ठिपका लागला ना, लागला ना, अशी तीनदा खात्री करायची, मग सावकाश फोन वर उचलायचा. आता जमिनीकडे बघणाऱ्या फोनला काय डोंबल कळणार वर कुठे आणि खाली कुठे? तो आपला मनाला येईल ती चिठ्ठी लिहितो. आणि तरी म्हणे, फोनमध्ये सरळ दिसतं! नीट विचारलं तेव्हा कळलं. काही तुकडे फोनमध्येही आडवेच होते, पण दाजी बघताना फोनच वळवून बघत होते!

मी सॉफ्टवेअरच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. बाई अगदी गोड आवाजात, "सर, मी आपली काय मदत करू शकते?" म्हटलं, माझे वडील आडवे पडलेत. म्हणाली, "अरेरे... सर, आपण आधी डॉक्टरांना कळवा." समजावून सांगितलं. वीस मिनिटं सांगितलं. मग म्हणते कशी, "सर, हीच फाइल फोनमध्ये कशी दिसते?" ...ठेवला मी फोन.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, एकेक कशाला, सगळे एकदम निवडतो, एकदाच नव्वद अंश फिरवतो, सुंठीवाचून खोकला गेला. फिरवले. निम्मे उभे राहिले सुतासारखे. आणि निम्मे? निम्मे उलटे! डोकं खाली, पाय वर! का? तर दाजींच्या उजव्या हातात चहा असला की ते डाव्या हातानं शूट करतात, फोन उलटा धरला जातो. आणि साइटवर जावयाला चहा किती वेळा देतात? महिन्यात बहात्तर वेळा! मी मोजले. बहात्तर तुकडे उलटे, बहात्तर चहा. नेमकी त्याच वेळी आई खोलीत आली. पडद्यावर बाबा वटवाघळासारखे लटकलेले. म्हणाली, "अरे मेल्या, जिवंत माणसाचं हे काय करून ठेवलंस!" म्हटलं, आई, सरळच करतोय. म्हणाली, "काल आडवे होते, आज उलटे आहेत, याला सरळ म्हणतात? दाजींच्या फोनमध्ये बघ किती छान उभे आहेत."

मग सोडला नाद, सगळे परत होते तसे आडवे केले. एकेक उघडायचा, मान वाकडी करून बघायचं, फिरवायचा, पुढचा. आणि वळवून भागत नाही हो! उभं चित्र, रुंद पडदा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. पट्टे घालवायला मोठं करावं, तर बाबांचं डोकं तरी जातं, नाहीतर हात तरी जातात. मी एकेका तुकड्यात बसून ठरवत होतो, बापाचं डोकं ठेवू की हात ठेवू. तीन दिवस! आणि तुम्हाला सांगतो, मी हातच ठेवत गेलो. कारण मी ते हात कधी असे बघितलेच नव्हते. थापी अशी फिरते त्यांची, आणि मग बोटाच्या पेरानं कडेचा सिमेंटचा माल हळूच निपटून घेतात, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. चाळीस वर्षं हे रोज चाललं होतं आणि मी कधी पाहिलं नव्हतं. कसा पाहणार? पायात आलो असतो ना! दोनदा मला थांबावं लागलं, डोळे... जाऊ द्या. मुद्दा तो नाही.

मुद्दा मान! तीन दिवस वाकडी करून करून मान अशी राहिली, अशी, खांद्याला चिकटून. गेलो डॉक्टरांकडे. सगळं सांगितलं, आडवं, उलटं, चिठ्ठी, चहा. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला वाटलं, मिळाला, जगात एक समजूतदार माणूस मिळाला, तेवढ्यात त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, आपल्या नातीचा व्हिडिओ लावला, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "पण हे बघा, फोनमध्ये तर सरळ दिसतं."

रविवारी अकरा वाजता हॉल भरला. बाबा पहिल्या रांगेत मध्ये, शेजारी दाजी. मी मागे, कॉम्प्युटरशी, मान वाकडी. फिल्म सुरू झाली. आणि काय सांगू, सरळ! एकेक भिंत सरळ, एकेक माणूस सरळ, कुठे धक्का नाही, कुठे पट्टा नाही. मंडळी हसतायत, शिट्ट्या मारतायत, "मिस्त्री, बघा तुमचा हात!" कुणी रडतंय. बाबा तर पुढे सरकून बसले होते. पंधरा मिनिटं झाली असतील, ते दाजींकडे वळले, दाजींचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू, काय सुंदर काढलंत हो! आणि किती सरळ!"

सरळ!... आणि दाजी काय म्हणाले? म्हणाले का, की हे मेहुण्यांनी केलंय? दाजी म्हणाले, "सवय आहे."

अहो, माझं कामच असं की नीट झालं तर झालेलंच दिसत नाही. आता हॉलमध्ये उभं राहून ओरडू का, की बाबा, तुम्ही उलटे होता, मी तुम्हाला पायावर उभं केलं?

आणि त्याच वेळी... सोळाव्या मिनिटाला... पडद्यावर बाबा आडवे! आख्खे! मोठ्या पडद्यावर आडवे बाबा आडव्या भिंतीला ओळंबा लावतायत आणि ओळंबा जमिनीला समांतर लोंबतोय! चार सेकंद. सत्तर माना एकदम एका बाजूला कलल्या. एक राहिला होता हो, एकशे त्रेचाळिसातला एक! मी ती फिल्म आधी चार वेळा तपासली होती, पण माझी मानच मुळात कललेली, मला तो तुकडा चारही वेळा सरळ दिसला. हॉलभर हशा. ताई मागे वळून ओरडली, "अरे, हे काय?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "माझ्याकडे तर सरळ दिसत होतं!" दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा उठले. चाळीस वर्षांत या माणसानं वाकडी भिंत उभी राहू दिलेली नाही. त्यांनी हळूच मान वळवली, मागे माझ्याकडे बोट केलं आणि आपल्या माणसांना म्हणाले, "हं. हे आमच्या चिरंजीवांनी केलेलं दिसतंय." आणि बसले.

झालं! त्याच संध्याकाळी मी तो तुकडा सरळ केला, नवी कॉपी काढली, बाबांना नेऊन दिली, म्हटलं, जुनी टाकून द्या. आता घरी कुणीही आलं, दूधवाला येऊ दे, मीटरवाला येऊ दे, बाबा त्याला बसवतात, फिल्म लावतात. पण कुठली? जुनी! सोळाव्या मिनिटाला थांबवतात, पाहुण्याची मान कलेपर्यंत वाट बघतात आणि म्हणतात, "हे माझ्या मुलानं केलंय." परवा मी वैतागून म्हटलंच, बाबा, नवी दिलीये ना सरळ करून, ती लावा की! तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितली ती. तिच्यात तू कुठेच नाहीस."

...तर राहू दे म्हटलं, आडवंच राहू दे.