दीपगृहाचं नाणं

ताई : त्या पातेल्यात काय आहे?

धाकटा : आलीस? पर्स तरी ठेव आधी. गरम पाणी, खायचा सोडा आणि तळाला अॅल्युमिनियमचा कागद. बघ, काळेपणा कसा झरझर सुटतो.

ताई : बाबांची नाणी धुतोयस तू?

धाकटा : पाच वाजता तो नाणेवाला येतोय. कोळशासारखी चांदी दाखवायची का त्याला? सकाळपासून कंबरडं मोडलंय माझं. चोवीस झाली, बारा राहिली.

ताई : गॅस बंद कर.

धाकटा : अगं पण...

ताई : बंद कर म्हणते ना! जुनी नाणी धुवायची नसतात, किंमत उतरते. दीपगृहाचं कुठंय?

धाकटा : कुठलं?

ताई : दीपगृहाला शंभर वर्षं झाली तेव्हा काढलेलं. एका बाजूला दीपगृह, दुसऱ्या बाजूला गलबत. धुतलंस की राहिलंय?

धाकटा : खिडकीपाशी टॉवेलवर बघ. पहिलं तेच घेतलं. सगळ्यांत घाण तेच होतं, गलबतावर हा एवढा तपकिरी डाग. आता तोंड बघून घे त्यात. ... काय झालं? आणि बस एका जागी, किती येरझाऱ्या घालशील?

ताई : डाग नव्हता तो. बाबांचा अंगठा होता.

धाकटा : म्हणजे?

ताई : चांदीला उघडं बोट लागलं की ठसा राहतो. लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी वर येतो, रेषारेषांसकट. म्हणून तर ते हातमोजे, ते कडेनं धरणं.

धाकटा : बाबा आणि उघड्या हातानं? शक्यच नाही.

ताई : त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, विसरायला लागले होते तेव्हा. कपाट उघडून बसले होते. नाणं मुठीत गच्च, लहान मुलानं गोटी धरावी तसं. अंगठ्यानं गलबत चोळत होते. मी हळूच काढून घेतलं, पण पुसलं नाही. आज मी तेच नाणं न्यायला आले होते.

धाकटा : मग मला सांगायचं होतंस. निदान नाण्याच्या पाकिटावर लिहायचं.

ताई : पेन्सिल घेतली होती हातात. मग वाटलं, बाबांनी वाचलं तर? चाळीस वर्षं पाळलेला नियम आपल्याच हातून मोडला, हे त्यांना कळायला नको होतं.

धाकटा : आणि नाणी धुवायची नसतात, हे?

ताई : ते कुणालाही...

धाकटा : कुणालाही काय? तुला माहीत. तू शेजारी बसून भिंग धरायचीस त्यांना. मी एकदा हात लावला तर कानाखाली बसली आणि कपाटाला कुलूप लागलं. सहा वर्षांचा होतो. त्यानंतर ही नाणी मी दारातूनच पाहिली. मला कोण शिकवणार होतं? परवा फोनवर तूच म्हणालीस, तूच बघ रे सगळं, माझ्याच्यानं होणार नाही. बघितलं मी.

ताई : खरंय.

धाकटा : खरंय म्हणू नकोस. भांड. तू भांडलीस की घर घरासारखं वाटतं.

ताई : पाकिटं कुठं आहेत?

धाकटा : धुतलेल्यांची कचऱ्यात. नुसते कागद तर... अगं, डबा उपडा काय करतेस! ठसा काय पाकिटात सापडणार आहे?

ताई : बाबांचं अक्षर तर सापडेल. हे बघ. "दीपगृह. टपालानं आलं. कडा उत्तम." बस्स, एवढंच.

धाकटा : उरलेल्या बारांवर काय लिहिलंय बघू. "टाकसाळीतून थेट." "प्रदर्शनाचं, मित्राकडून." हे काय गं? ताई, हे तूच वाच.

ताई : आण. "नव्या पुलाच्या उद्घाटनाचं. मागच्या बाजूस अंगठा, धाकट्याचा, वय सहा. पुसू नये."

(दारावरची घंटा वाजते. कोणी उठत नाही.)

धाकटा : तुला माहीत होतं?

ताई : नाही रे. हे पाकीट मला कधी हातात दिलं नाही त्यांनी. म्हणायचे, यात बघण्यासारखं काही नाही.

धाकटा : काढू बाहेर?

ताई : काढ. कडेनं धर.

धाकटा : एवढासा आहे गं. चिंचोक्याएवढा. यासाठी एवढी थोबाडीत!

ताई : डोळे पूस आधी, पाणी पडेल त्यावर.

धाकटा : हे याच पातेल्यात पडणार होतं. चहा घेतला नसता मध्ये, तर...

ताई : घेतलास ना चहा? झालं तर.

धाकटा : परत वाजवतोय तो. काय सांगायचं?

ताई : खरं ते. चोवीस धुतलेली आहेत, कमी देणार असशील तर कमी दे. दोन विकायची नाहीत.

धाकटा : दोन? दीपगृहावर तर आता काहीच उरलं नाही.

ताई : ती पेन्सिल दे.

धाकटा : आता काय लिहिणार?

ताई : "गलबताच्या बाजूस अंगठा होता, बाबांचा. धाकट्यानं धुतला, वय अडतीस. विकू नये."