रजिस्ट्रीतली सात माणसं

नाही हो, मला एक सांगा, माणसाने यादी करावी तर ती कागदावर करावी की नाही? दोनशे पानी वही घ्यावी, वर 'श्री' काढावा, खाली नावं, पुढे फोन नंबर, संपलं! पण नाही... आमचे कमलाकांतभाऊ! देवमाणूस हो, त्याबद्दल वाद नाही. माझगावला गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्म गेला, रिटायर झाले आणि साठाव्या वर्षी दादरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले, नातीच्या वयाच्या मुलींच्या शेजारी बाकावर बसून प्रोग्रॅमिंग शिकले! आणि शिकले ते शिकले, आमच्या गिरगावातल्या वाडीच्या रक्तदान मंडळासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. नाव काय, तर 'रक्तमित्र'. वर्षाला दोन शिबिरं, प्रत्येक रक्तदाता त्यात टाकायचा. आणि कोणी विचारलं, "भाऊ, यादी कुठाय?" की चष्मा वर सरकवून म्हणायचे, "आहे ना! रजिस्ट्रीत आहे!"

तुम्हाला सांगतो, पंधरा वर्षं मी समजत होतो की हा माणूस सरकारी कचेरीत जाऊन यादीवर स्टँप ड्यूटी भरून आलाय. रजिस्ट्री म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यापुढे येणार? एक तर जागेची, नाहीतर लग्नाची!

तीन वर्षांपूर्वी भाऊ गेले. मंडळाच्या खोलीत कॉम्प्युटर तसाच, वर बेबीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. कोणी हात लावला नाही. कशाला लावतंय? रक्तपेढ्या आहेत, मोबाइल आहेत... अडतंय कुठे?

अडलं ना! माझंच अडलं!

माझी मुलगी वैदेही पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. आठवा संपत आलेला, सगळं छान, आणि वार, ते प्लासेंटा म्हणतात ते, खाली आहे म्हणून परळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मंगळवारी सिझर करू, रक्त तयार ठेवू. ठेवा की! आमची वैदेही जन्मापासून 'ओ' ग्रुपची, गल्लीत हाक मारली तर दहा ओ धावत येतील. तर शुक्रवारी बाईंनी मला आणि ललिताला, माझ्या बायकोला, आत बोलावलं आणि म्हणाल्या, "हिला कुठलंच ओ जुळत नाहीये. हिचा बॉम्बे ग्रुप आहे."

मी म्हटलं, "असणारच. गिरगावात जन्मलीय."

हसू नका! मला खरंच तसं वाटलं. मग बाईंनी शांतपणे समजावलं की हा एक दुर्मीळ रक्तगट आहे, हजारोंत एखाद्याचा, आणि त्या माणसाला त्याच गटाचं रक्त चालतं, दुसरं नाही. मी शर्टाची बाही वर केली, म्हटलं, माझं घ्या. "चालणार नाही." आईचं? "तेही नाही." अहो, बापाचं रक्त आणि मुलीला चालणार नाही? रक्तपेढीवाल्यांनी त्यांच्या परीने शोध चालवलेलाच होता, पण एक दाता परदेशात, दुसऱ्याने मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. बाई म्हणाल्या, "लागेलच असं नाही. पण दोन बाटल्या हाताशी नसताना मी पोटाला सुरी लावणार नाही."

परळहून टॅक्सीने निघालो. ठाकूरद्वारला आलो आणि ललिता एकदम माझ्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "अहो! कमलाकांतभाऊ दर शिबिरात काय सांगायचे? आपल्याकडे बॉम्बे ग्रुपची सात माणसं आहेत, सात!"

सात! आणि कुठे आहेत ही सात माणसं? रजिस्ट्रीत आहेत!

शनिवारी सकाळी खोली उघडली, फुलाफुलांचं कव्हर काढलं, कॉम्प्युटर चालू केला. झाला हो चालू, विमान उडाल्यासारखा आवाज करत! 'रक्तमित्र' उघडला, तर पासवर्ड. बेबीवहिनींना खाली आणलं. "वहिनी, भाऊंचा पासवर्ड?" तर म्हणतात, "माधव, त्या माणसाने मला बत्तीस वर्षं स्वतःचा पगार सांगितला नाही, पासवर्ड सांगतोय!" तरी बिचाऱ्यांनी सुचवले. त्यांचं नाव, लग्नाची तारीख, कुलदेवी, भाऊंच्या आवडत्या बोटीचं नाव... बोटीचं नाव आधी आणि बायकोचं नंतर घालून बघायला हवं होतं, कारण स्वतःचं नाव चुकल्यावर बोटीचं सुचवताना वहिनींचा चेहरा बघवत नव्हता. आणि चुकलंच! सगळंच चुकलं.

तेव्हा ललिताने ऋग्वेदाला फोन लावला. ऋग्वेदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, लोअर परळला कॉम्प्युटर कंपनीत आहे, केस अर्धे निळे. त्या केसांवरून गणपतीत मी तिला बरंच बोललो होतो. ते सगळे शब्द मी इथे, तुम्हा सगळ्यांच्या देखत, परत घेतो.

आली. बसली. म्हणाली, "काका, ते यादी कुठे ठेवतो म्हणायचे?"

मी म्हटलं, "रजिस्ट्रीत. पण सरकारी कचेऱ्या आता सोमवारी..."

ती खुर्चीतून उडाली! "काका! रजिस्ट्री कॉम्प्युटरच्या आत असते! विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग तिथे ठेवते. भाऊंनी माणसं सेटिंग म्हणून ठेवलीयत! असं कोणी करतं का?"

"पासवर्ड लागेल ना पण?"

"पासवर्ड प्रोग्रॅमला आहे, रजिस्ट्रीला नाही. वहिनी, मी उघडू ना? लोकांची नावं आहेत."

वहिनी म्हणाल्या, "उघड बाई. पोरीचा जीव आहे."

"आता यात कीज असतात," ऋग्वेदा मला सांगायला लागली. मी म्हटलं, किल्ल्या वहिनींकडे असतील, आणतो. "किल्ली नाही हो काका, की म्हणजे कप्पा! कप्प्यात कप्पे, त्यात आणखी कप्पे, आणि आत ठेवलेल्या गोष्टी म्हणजे व्हॅल्यूज. हाताने एकेक उघडत बसलो तर मंगळवार उजाडेल. स्क्रिप्ट लिहिते, छोटासा प्रोग्रॅम." त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर नवीन काही चालेना, पण म्हणाली याच्या पोटात एक जुनी स्क्रिप्टिंगची भाषा आहे, तिच्यात जमेल. आणि साध्या नोटपॅडमध्ये टकाटका वीस-पंचवीस ओळी लिहिल्या. मी मागे उभा, हात जोडून, सत्यनारायणाला उभा राहतो तसा.

पहिल्यांदा चालवली. पडद्यावर काय आलं? नायगाव. कॉटन ग्रीन. लालबाग. परळ. माझगाव. बस! मी ओरडलो, "अगं माणसं कुठायत? ही तर बसच्या पाटीवरची नावं आहेत!" ती म्हणाली, "काका, हे फक्त वरचे कप्पे. आत शिरायला सांगितलंच नाही मी तिला. रिकर्सिव्ह करावं लागेल. म्हणजे एक कप्पा उघडला आणि आत आणखी कप्पा दिसला की हेच काम पुन्हा तिथे करायचं, तिथेही दिसला की पुन्हा तिथे, तळ लागेपर्यंत." मी म्हटलं, कर बाई, तळ लागेपर्यंत कर.

दुसऱ्यांदा चालवली आणि अहो... धो धो! नावं! शेकडो नावं सरसर वर चाललीयत! बेबीवहिनी तोंडाला पदर लावून बघतायत, "हा आमचा डॉक्टर, हा दूधवाला, अगं बाई, हा तर माझा भाऊ!" नावं सगळी, पण फोन नाही, पत्ता नाही, रक्तगट नाही. नुसती नावं घेऊन काय रस्त्यात उभा राहून हाका मारू? ऋग्वेदाने कपाळावर हात मारला, "कीज छापल्या, व्हॅल्यूज छापायच्या राहिल्या!" आणखी सहा-सात ओळी. तिसऱ्यांदा चालवली. या वेळी सगळं एका फाइलमध्ये उतरलं, नाव, पत्ता, फोन, गट, शेवटचं रक्त कधी दिलं, सगळं! कमलाकांतभाऊंनी खरं सांगितलं होतं हो, अगदी शब्दशः खरं. रजिस्ट्रीत आहे!

"आता बॉम्बे शोध," मी म्हटलं. शोधलं. चारशे बारा मिळाले.

चारशे बारा! मला रडावं की नाचावं कळेना, हजारोंत एक म्हणतात आणि आमच्या मंडळात चारशे बारा? तर काय होतं माहितीये? भाऊंनी प्रत्येकाच्या पत्त्यात शेवटी शहराचं नाव 'बॉम्बे' टाकलेलं! माणूस मरेपर्यंत मुंबई म्हणाला नाही! मग गटाच्या रकान्यात बघायला लागलो. ए, बी, ओ, ए, ए, बी... आणि मध्येच एका नावापुढे इंग्रजीत नुसतं 'ओह'. म्हटलं, गेला वाटतं बिचारा, भाऊंनी हळहळून लिहिलेलं दिसतंय. पुढे आणखी एक 'ओह'. ऋग्वेदा म्हणाली, "काका, डॉक्टरांना विचारा." बाईंना फोन लावला, तर पलीकडून ओरडल्याच, "ओ आणि एच? अहो, बॉम्बे ग्रुप असाच लिहितात! किती आहेत?"

मोजले. सात.

ललिता तिथेच फरशीवर बसली.

आता सात म्हणजे वीस वर्षांपूर्वीचे सात. दोघं वारले होते. एक कॅनडात. एका बाईंचं वय सत्तर, त्या म्हणाल्या घ्या हो माझं, पण वय उलटल्यावर घेत नाहीत. एकाचा पत्ताच लागेना. राहिले दोन. कॉटन ग्रीनच्या रमाकांतांचा लँडलाइन अजून चालू! पहिल्या घंटीला उचलला, "कमलाकांतांच्या मंडळाकडून ना? कधी येऊ, बोला." एवढंच. मी सोमवार सांगितला.

आणि दुसरा नायगावचा गणपत. फोन बंद. रविवारी सकाळी मी आणि ऋग्वेदा टॅक्सीने बीडीडी चाळीत गेलो, तर चाळच नाही! पत्रे ठोकलेले, आत क्रेन. विचारत विचारत, पोलीस क्वार्टर्सपाशी विचारलं, पानवाल्याकडे विचारलं, शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "गणपत कंडक्टर? तो काय येतोय." पन्नाशीचा खणखणीत माणूस, हातात पिशवी, पिशवीत बांगडे. मी नाव सांगितलं, मंडळ सांगितलं, मुलीचं सांगितलं. हा आपला माझ्याकडे टक लावून बघतोय. म्हटलं, आता नाही म्हणतो.

तर म्हणाला, "अरे, वीस वर्सां मी वाट बघतंय! त्या कमलाकांतान माका सांगल्यान, तुजा रगत लय मोलाचा, जपून र्‍हव. मी दारू सोडलंय, तंबाखू सोडलंय, आणि कोण फोनच करूक नाय! माका वाटला, तुमची यादी हरवली!"

मी म्हटलं, "हरवली नव्हती हो. रजिस्ट्रीत होती."

"रवा हयच. बांगडे घरात बायलेक देतंय नि येतंय."

त्याने रविवारी दिलं, रमाकांतांनी सोमवारी. मंगळवारी अकराला वैदेहीला आत नेलं. पावणेबाराला नर्स धावत येऊन एक बाटली घेऊन गेली, गणपतची. मी त्या दाराकडे बघत उभा, ललिताने माझं मनगट इतकं दाबलं की घड्याळाचा वळ उठला. साडेबाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला, हसल्या. मुलगी! आई ठीक, मुलगी ठीक! दुसरी बाटली लागलीच नाही. आणि मुलीचा रक्तगट विचारला, तर बी पॉझिटिव्ह. साधा, सरळ, नाक्यावर मिळणारा बी पॉझिटिव्ह! तुम्हाला सांगतो, इतकी साधी गोष्ट ऐकून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. बेबीवहिनींना फोन केला, तर त्या नुसत्या रडत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "ह्यांना कळायला हवं होतं."

यादी आता ऋग्वेदाने नीट करून दिलीय, छापील, वहीसारखी बांधून. झालं, सुटलो, असं मला वाटलं. पण वाडीत बातमी काय पसरली? माधवकाकांनी बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातून माणसं काढली! मी सांगून दमलो की बाबांनो ऋग्वेदाने काढली, मी मागे हात जोडून उभा होतो. पण ऐकतंय कोण? काल तिसऱ्या मजल्यावरची प्रिती आली, "काका, तुम्हाला मशीनचं कळतं ना?" आणि टेबलावर मिक्सर ठेवून गेली.

आता आलंच आहे दारात, तर नाही कसं म्हणणार... स्क्रू ड्रायव्हर आहे का हो कोणाकडे?